चप्पल घालून अंघोळ!

आमच्या कंधारच्या घरात अंघोळीचे नियम तीन. एक, गिझरचा खटका बंद करूनच आत जायचं. दोन, नळाला आधी उलट्या हाताने टपली मारून बघायची. आणि तीन, पायात रबरी चप्पल हवीच! पुण्यातल्या मैत्रिणींना मी हे सांगायचे तेव्हा त्या खो खो हसायच्या. मीही हसायचे. ‘आमचा कुत्रा चावतो’ हे लोक जितक्या सहज सांगतात ना, तितक्याच सहज आम्ही पाहुण्यांना सांगायचो, ‘आमचा नळ चावतो.’

आता ‘कंधार म्हणजे विमान नेलं होतं तेच का?’ हा प्रश्न विचारू नका, प्लीज. १९९९ च्या डिसेंबरपासून आमच्या अख्ख्या खानदानाला तो विचारला जातोय. ते अफगाणिस्तानात. आमचं कंधार नांदेड जिल्ह्यात. नांदेडहून एसटीने साधारण पन्नास किलोमीटर. राष्ट्रकूटांच्या काळापासूनचं नाव, पाण्याने भरलेला खंदक असलेला देखणा भुईकोट किल्ला, शेजारी जगत्तुंग सागर तलाव, हाजी सय्याहांचा दर्गा. एवढं सगळं असूनही बाहेरून आलेल्याला एक रात्र नीट राहायला जागा मिळणं मुश्कील. किल्ला बघायला आलेला माणूस संध्याकाळी नांदेडला परत पळतो.

आयडिया तिथूनच सुचली. घर जुनं, माळवदाचं. दोन-दोन फुटी दगड-मातीच्या भिंती, सागवानी तुळया, भर उन्हाळ्यातही गारवा. काकू चार वर्षांपूर्वी पौषात गेल्या आणि तेव्हापासून थोरले काका तिथे एकटे. गावात त्यांना सगळे गुरुजी म्हणतात. सत्तरी ओलांडलीय, पण पुण्याला यायचं नाव काढत नाहीत. आत्याचं म्हणणं, घर विकून टाका. बाबा गप्प. मग मागच्या दिवाळीत मीच तोंड उघडलं. दोन खोल्या नीट करू, न्याहारी-निवास योजना आहे, वीकेण्डला पाहुणे येतील, घराचा खर्च घरच काढेल. आत्या म्हणाली, ‘एक वर्ष देते. नाही जमलं तर गिऱ्हाईक मी आणते.’

म्हणजे बघा, फ्रीलान्स पत्रकारितेच्या भरवशावर जगणाऱ्या मुलीने अडीच लाख जमवले (त्यातले एक लाख काकांच्या पेन्शनचे) आणि एका वर्षाची मुदत अंगावर घेतली. आणि पहिलं काम काय केलं? बाथरूमचे फोटो गोळा केले! काळ्या टाइल्स, तांब्याच्या रंगाचे नळ, आरशामागे मंद उजेड आणि छतातून पाऊस पडावा तसा तो भला मोठा रेन शॉवर. पाहुणा खोलीचा फोटो एकदा बघतो आणि बाथरूमचा दोनदा, हे तुम्हालाही माहितीये.

तो फोटो मी आमच्या नळफिटरला दाखवला. त्याने तो शांतपणे बघितला, वर टाकीकडे बघितलं आणि विचारलं, ‘ताई, टाकी शॉवरच्या किती वर हाय?’ साधारण दहा फूट, म्हणजे तीन मीटर. ‘मग पाऊस नाही पडणार. टपटप पडंल.’

हिशोब अगदी शाळेतला आहे. पाण्याचा दाब म्हणजे टाकीची उंची. दहा मीटर उंचीला साधारण एक बार, तर तीन मीटरला फक्त ०.३ बार. मोठे शॉवर नीट चालायला साधारण एक बारच्या आसपास लागतो. म्हणजे एकतर टाकी सात मीटर वर न्या, नाहीतर प्रेशर पंप लावा. आणि पंप म्हणजे आणखी एक विजेची वस्तू, आणखी एक आवाज, आणि लाईट गेली की साबण डोळ्यांत घेऊन उभा असलेला पाहुणा!

बरं, टाकी उंच न्यायची तर ठेवायची कशावर? माळवदावर आधीच मातीचं ओझं असतं. पाचशे लिटरची टाकी भरली की पाचशे किलो. काका म्हणाले, ‘किल्लारी विसरलीस?’ मी विसरणार कशी, मी तेव्हा जन्मालेच नव्हते. पण मराठवाड्यात ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट सगळ्यांच्या घरात आहे. लातूर जिल्ह्यातल्या त्या भूकंपात हजारो माणसं गेली, त्यातली कितीतरी अशाच दगड-मातीच्या भिंती आणि जड माळवदं अंगावर पडून. त्यामुळे एक नियम पहिल्याच दिवशी ठरला. या घराच्या डोक्यावर नवं वजन चढणार नाही. टाकी अंगणात, वेगळ्या लोखंडी स्टॅण्डवर. रेन शॉवर कटाप. त्याच्या जागी साधा हॅण्ड शॉवर आणि बादली-मग. खरं सांगू? बोअरच्या आमच्या पाण्याला इतके क्षार आहेत, की त्या तांब्याच्या नळांचं सहा महिन्यांत पांढरं भूत झालं असतं. अर्धा फेरा फिरणारे साधे नळ घेतले, आणि अंगठ्याने चोळली की भोकं मोकळी होतात अशा रबरी टोकांचा शॉवर.

पाण्याचं जमलं. मग आला वायरमन.

वायरमन आमच्या जुन्या न्हाणीत गेला, गिझरची पिन काढली, सॉकेट उघडलं आणि हसला. तीन भोकांच्या त्या सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकामागे काहीच नव्हतं. हिरवी वायर नव्हतीच! म्हणजे इतकी वर्षं गिझरला अर्थिंगच नव्हतं. पुढे त्याने खटका उघडला. तो तर आणखी भारी. फेजच्या ऐवजी न्यूट्रलवर बसवलेला. अर्थ काय? आम्ही खटका बंद करायचो, लाल दिवा विझायचा, गिझर तापायचा थांबायचा, पण फेज आत तशीच जिवंत! नियम नंबर एक आम्ही सगळे इमानदारीत पाळत होतो आणि त्याचा उपयोग शून्य होता.

आता नळ का चावायचा ते ऐका. क्षारांचा खवला गिझरच्या एलिमेंटवर बसतो, त्याचं आवरण हळूहळू चिरतं आणि करंट थोडा थोडा पाण्यात उतरतो. अर्थिंग असतं तर तो गुपचूप जमिनीत गेला असता. नसलं की तो वाट बघत बसतो. तुमची! एक मिलिअँपिअरला झिणझिण्या येतात. दहाच्या पुढे गेलं की स्नायू आखडतात, हात सुटता सुटत नाही. तिसाच्या पुढे आणि जास्त वेळ राहिला तर हृदयाचं काही खरं नाही. आणि ओल्या अंगाला रोध किती? हजार ओहमच्या आसपास येऊ शकतो. २३० व्होल्टला हजाराने भागा. २३० मिलिअँपिअर! आम्ही ज्याला घरातला विनोद समजत होतो, तो खरंतर एक इशारा होता. रोज सकाळी मिळणारा.

त्या रात्री मी मोबाइलमधले बाथरूमचे सगळे फोटो डिलीट केले आणि वही काढली.

वहीत जे लिहिलं, तेच पुढे केलं. तुम्ही कधी गावचं घर, फार्महाऊस किंवा भाड्याने द्यायचा फ्लॅट करायला घेतलात तर कामाला येईल. युरोपातल्या नियमांत बाथरूमचे पट्टे पाडतात, टबच्या आत एक, शॉवरखाली एक, त्यापुढे साठ सेंटीमीटरचा एक, आणि प्रत्येक पट्ट्यात काय चालेल ते ठरलेलं. पण आपली न्हाणी असते पाच बाय सात. आपण बादली घेऊन बसतो आणि पाणी चारही भिंतींवर उडतं. म्हणजे आपली सगळी न्हाणी एकच पट्टा, ओला! म्हणून आत एकही खटका नाही, एकही सॉकेट नाही. गिझरचा खटका दाराबाहेर, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा डबल पोल, दिवा असलेला. पाहुणीला हेअर ड्रायर लावायचाय? आरसा आणि सॉकेट खोलीत. आतला दिवा आणि एक्झॉस्ट फॅन उंचावर, चहूबाजूंनी शिंतोडे उडाले तरी चालेल अशा आयपी ४४ दर्जाचे. दिवा इन्व्हर्टरवर, कारण लाईट जाते तेव्हा माणूस नेमका आतच असतो.

गिझर पंधरा लिटरचा, दोन किलोवॅटचा. म्हणजे साधारण ९ अँपिअर. त्याला बोर्डापासून स्वतंत्र ४ स्क्वेअर एमएमची वायर, स्वतःचा एमसीबी. पंधरा-वीस मिनिटांत पाणी तयार. ‘इन्स्टंट घ्या, तीन किलोवॅटचा, कूल दिसतो’ असं नांदेडच्या दुकानदाराने सांगितलं होतं. पण आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज १८० पर्यंत उतरतं, आणि व्होल्टेज उतरलं की उष्णता वर्गाच्या पटीत उतरते. तीन किलोवॅटचा तो हिरो १८० व्होल्टला १.८ वरच येतो आणि पाहुण्याला कोमट धार देतो. गॅस गिझर? बंद न्हाणीत तो कार्बन मोनॉक्साइड सोडतो, त्याला वास नाही, रंग नाही. थँक यू, पण नको.

भिंतींना झिरी मारायची नाही हेही ठरलं. मातीतल्या भिंतीला एकदा कोरलं की ती ढिली होते. पाइप सगळे बाहेरून, सरळ रेषेत, भिंतीच्याच रंगाचे. दिसायला वाईट वाटेल म्हणून मी धास्तावले होते. झालं उलटंच. बिघाड कुठे आहे ते आता डोळ्यांना दिसतं.

आणि अर्थिंग. अंगणात खड्डा घ्यायचा, पाइप उभा करायचा, कोळसा आणि मीठ भरायचं, वरून पाणी ओतायला नरसाळं. उन्हाळ्यात जमीन सुकली की अर्थिंग कमजोर होतं, म्हणून पाणी घालत राहायचं. या खड्ड्याचे पैसे मी वायरमनच्या हातावर ठेवले तेव्हा काका खाटेवर बसून बघत होते. ‘काय करूलालीस पोरी? एवढे पैसे मातीत? कुणाला दिसणारंय का ते?’

मी म्हटलं, ‘काका, नाहीच दिसणार. म्हणूनच तर आजवर कुणी केलं नाही.’

‘चाळीस वर्षं काही झालं नाही. आताच कामून?’

मला उत्तर सुचलं नाही. खड्डा झाला. तुळशीवृंदावनापासून चार हात लांब, काकांच्या अटीवर.

मुख्य बोर्डावर आरसीसीबी बसवला, ३० मिलिअँपिअरचा. जितका करंट फेजमधून गेला तितकाच न्यूट्रलमधून परत येतोय का, एवढंच हा पठ्ठ्या बघत बसतो. फरक पडला की डोळ्याचं पातं लवायच्या आत लाईन तोडतो. एमसीबी वायरला वाचवतो. हा माणसाला वाचवतो. हा फरक मला अठ्ठाविसाव्या वर्षी कळला, मास कम्युनिकेशनची डिग्री घेऊनही!

आता खरा गोंधळ. आरसीसीबी बसवल्याच्या तिसऱ्या दिवसापासून रोज सकाळी साडेनऊच्या सुमारास खटकन् ट्रिप. साडेनऊलाच! अर्ध्या तासाने वर केला की दिवसभर ठीक. दुसऱ्या दिवशी परत. पहिले पाहुणे शनिवारी येणार होते, हैदराबादहून, किल्ला बघायला. गुरुवारी वायरमन म्हणाला, ‘ताई, हे डबडं जुन्या घरात चालतच नाही. बायपास करून टाकतो. पन्नास घरं केली मी, कुणाला काय झालं?’

खोटं कशाला बोलू, मी ‘हो’ म्हणणार होते. दोन दिवसांत पाहुणे, आत्याची मुदत, पहिला रिव्ह्यू. लाईट जाणारं घर म्हणून आमची ख्याती झाली असती. पण तेवढ्यात मागच्या मोरीतून धुण्याचा आवाज आला. धप्, धप्, धप्. धुणंवाल्या मावशी. मी घड्याळात बघितलं. नऊ पंचवीस.

आम्ही दोघं धावत मागे गेलो. मोरीची भिंत आणि न्हाणीची भिंत एकच. देवघराचा आणि ओसरीचा दिवा पैसे वाचवायला जुन्याच वायरीवर ठेवला होता, आणि ती वायर त्या भिंतीतून जात होती. वायरमनने नांदेडहून मेगर मागवला. त्या लाईनची फेज-न्यूट्रल दोन्ही सोडवून मोजलं. निदान एक मेगाओहम रोध यायला हवा. आला ०.०१. म्हणजे दहा हजार ओहम. २३० भागिले दहा हजार, २३ मिलिअँपिअर. तिसाचा आरसीसीबी पंधरापासून पुढे कधीही पडू शकतो. ‘डबडं’ खरंच बोलत होतं! भिंत उकरली तर आत वायरचा एक जुना जोड, वरची चिकटपट्टी कुजलेली. धुण्याचे शिंतोडे उडाले की ओल आत शिरायची आणि करंट भिंतीत उतरायचा. ज्या भिंतीला टेकून आत अंघोळ करायची, त्याच भिंतीत.

वायरमन बराच वेळ त्या जोडाकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘त्या पन्नास घरांत पण एकदा जाऊन येतो.’ मला तो माणूस त्या क्षणी फार आवडला.

संध्याकाळी काका ओसरीवर बसले होते. मी चहा दिला. त्यांनी घेतला नाही.

‘तुझी काकू चप्पल घालायची नाही,’ ते म्हणाले. ‘सोवळ्यात पूजा करायची तिला. अंघोळीला चप्पल कशी चालंल?’

मी काही बोलले नाही. पौषातली पहाट, न्हाणीचं दार बराच वेळ उघडलं नाही म्हणून काकांनी हाका मारलेल्या, मग दार तोडलेलं. काकूंना बीपी होतं. डॉक्टर म्हणाले, हृदयविकार. चौसष्ट वय. कुणीच दुसरा प्रश्न विचारला नाही. विचारायचं काय, हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

‘डॉक्टर म्हणाले तेच असंल,’ काका म्हणाले. ‘असंल ना?’

‘असेल, काका.’

खरंच असेल. बीपी होतंच. पण ‘असेल’ आणि ‘आहे’ यांच्या मधली ती जागा आता आमच्या घरात कायम राहणार, हे मला कळत होतं. त्यांनाही. थंड झालेला चहा त्यांनी पिऊन टाकला आणि विचारलं, ‘त्या जुन्या वायरी सगळ्याच काढून टाकायच्या तर किती लागतील?’

सगळ्या काढल्या. देवघराची सगळ्यात आधी. शनिवारी पाहुणे आले, तेव्हा एका खोलीला पडदे नव्हते आणि आरसा अजून भिंतीला टेकवून ठेवलेला होता. त्यांनी किल्ल्याचं कौतुक केलं, काकांच्या हातच्या पिठलं-भाकरीचं केलं, माळवदाच्या गारव्याचं केलं. बाथरूमबद्दल एकच वाक्य, टॉवेलला आणखी एक खुंटी हवी होती. बस्स! अडीच लाखांतला सर्वांत मोठा खर्च कुणाच्या लक्षातही आला नाही. मला इतका आनंद कशाचाच झाला नव्हता.

आत्याची मुदत अजून संपायचीय. मार्गशीर्षात माळेगावची खंडोबाची यात्रा आहे, तोवर दुसरी खोली तयार व्हायला हवी. जमेल की नाही, बघू.

आरसीसीबीवर एक छोटं बटण असतं, ‘टी’ लिहिलेलं. महिन्यातून एकदा दाबून तो जागा आहे का हे बघायचं असतं. तुमच्याही बोर्डावर असेल. शेवटचं कधी दाबलंत? काका दर एक तारखेला सकाळी मला फोन लावतात. हॅलो नाही, कशी आहेस नाही. फोन बोर्डाजवळ धरतात.

खट्.

‘पडला बघ,’ ते म्हणतात, आणि मग अंघोळीला जातात. अनवाणी.